लेंग्यात गेलेला चेंडू

कॅप्टन डनबारांनी गोल्फच्या शेवटच्या होलवर चेंडू मारला आणि तो धोबीण ग्रिझेलबाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांत घुसून एका लोकरी लेंग्याच्या पायात जाऊन बसला. सामना बरोबरीत होता. अकरा वर्षं चांदीचा कप कॅप्टनांच्याच दिवाणखान्यात होता आणि समोर उभा होता मर्डो, साधा मच्छीमार.

पोर्टकार्नीच्या या किनाऱ्यावर बटाटासुद्धा पिकत नाही. म्हणून स्कॉटलंडच्या कुण्या राजाने ती वाळू मोठ्या मनाने गावाला देऊन टाकली: मेंढ्यांना चरायला, बायकांना कपडे वाळवायला, आणि जागा उरलीच तर पुरुषांना गोल्फ खेळायला. पुढे क्लब निघाला आणि त्याने हा क्रम उलटा करून टाकला.

"ह्या चिंध्या काढ आधी!" कॅप्टन ओरडले.

"ओल्या आहेत, साहेब. सूर्य मावळेपर्यंत हक्क आहे आमचा," ग्रिझेलबाई म्हणाली.

"मग मी चेंडू काढून खाली ठेवतो."

"असं कसं?" मर्डो म्हणाला. "सकाळी माझा चेंडू लेंड्यांत पडला, तेव्हा काय म्हणालात? दीडशे वर्षांत इथं कुणी चेंडूला हात लावला नाही! मारलाच ना मी लेंड्यांतून?"

त्याच्या मिशीवर पुरावा अजून होता. नाइलाजाने कॅप्टनांनी लेंग्यावर काठी उगारली.

"खबरदार! फाटला तर मालकाला काय सांगू?"

"बोलाव त्या मालकाला! भर मैदानात लेंगे टांगतो, लाज नाही वाटत?"

ग्रिझेलबाईने लेंग्याची कंबरपट्टी उलटून दाखवली. तिच्यावर लाल दोऱ्याने नाव भरलं होतं, 'आ. डनबार'.

"तुमच्याच बाईसाहेब पाठवतात, दर सोमवारी."

मर्डोने टोपी काढली. "क्लबाचा सातवा नियम, साहेब. खेळणाऱ्याच्या स्वतःच्या कपड्याला चेंडू लागला, तर तो होल हरला."

कॅप्टनांनी एकदा लेंग्याकडे पाहिलं, एकदा लोकांकडे. मग छाती काढून म्हणाले, "हा लेंगा माझा नाही!"

"बरं," ग्रिझेलबाई म्हणाली. तिने चिमटे काढले, लेंगा झटकला, चेंडू टपकन वाळूत पडला. "घे रे मर्डो, होडीत गारठा असतो."

मर्डोने तो ओलाच, विजारीवरून, तिथल्या तिथे चढवला. उलटलेल्या पट्टीवरचं नाव बरोबर पोटावर आलं. "मारा आता, साहेब, बिनधास्त."

होल दहा पावलांवर होता. पण कॅप्टनांची नजर चेंडूवर ठरेना. तीनदा काठी नुसती वाळूत बसली. मर्डोने मात्र एका टोल्यात काम उरकलं.

कप आणि लेंगा दोन्ही मर्डोच्या घरी गेले. थंडी त्या वर्षी जरा लवकरच पडली.