खोक्यातली अमेरिका

पालवकाका अमेरिकेला कधी गेले नव्हते, पण तिथल्या लोकांच्या कपाटात काय असतं ते त्यांना आमच्या कपाटापेक्षा जास्त माहीत होतं. दुबईजवळ जबल अलीतल्या एका पॅकिंगच्या कंपनीत ते हेल्पर होते. दुबईत बदली होऊन आलेल्या अमेरिकन साहेबांचं सामान कंटेनरमधून आलं की ते उघडून घरात लावायचं, आणि साहेब परत निघाले की पुन्हा बांधायचं, हे त्यांचं काम. त्यातून त्यांनी स्वतःची एक अमेरिका तयार केली होती. तिच्याविषयी कोणी शंका घेतली की ते शांतपणे म्हणत, "खोक्यात बघितलंय मी."

दर शुक्रवारी सुट्टी असली की ते कामगारांच्या कॅम्पवरून शारजाला आमच्याकडे जेवायला येत. बाबा आणि ते देवगडकडच्या एकाच गावचे. बाबा गॅरेजमध्ये फोरमन झाले, त्यांना फॅमिली व्हिसा मिळाला, म्हणून मी आणि माझा भाऊ इथे वाढलो. पालवकाका कागदावर हेल्परच राहिले, आणि हेल्परला बायको आणता येत नसे, म्हणून शुभाकाकू गावीच होत्या. त्यांना सुपरवायझर करायचं कंपनीने कबूल केलं होतं. आई वाढताना दर वेळी विचारायची, "भाऊजी, झालं का काही?"

"होईल वहिनी. यंदा इन्शाल्ला शुभा इथे असेल."

मग माशाची तुकडी मोडत ते अमेरिकेकडे वळत.

"तिकडे लाइट फार जाते."

"अमेरिकेत?" बाबा विचारत.

"एकेका घरात खोकंभर मेणबत्त्या निघतात. उगाच कोण ठेवील? त्याही वासाच्या. अंधारात जीव घाबरू नये म्हणून."

घरं लाकडाची, त्यांचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकाकडे तंबू तयार असतो. पाहुण्याला गादी देत नाहीत, चेन लावलेल्या पिशवीत झोपवतात. आणि घरोघरी कपडे टांगायचं एक यंत्र असतं, ते विजेवर चालतं, खाली पट्टा फिरतो.

माझा धाकटा भाऊ घरातही इंग्रजीतच उत्तरं द्यायचा. तो म्हणाला, "काका, दॅट्स अ ट्रेडमिल. पीपल रन ऑन इट."

"हबीबी, मी उचललंय ते. दर वेळी त्याच्यावर शर्ट असतात. माणूस कधी दिसला नाही."

त्यांचा सगळ्यात लाडका शोध कपांचा होता. "वहिनी, त्यांच्याकडे कपांचा सेट नसतो. एकाचा रंग दुसऱ्याला नाही. बशी तर नाहीच. म्हणजे काय? तिकडे माणूस एकटा चहा पितो. दुसरं कोणी येतच नाही." एवढं बोलून ते आपल्या कपात बघत बसायचे. मला तेव्हा वाटायचं, चहात काही पडलं असेल.

मग मला अमेरिकेतल्या एका कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. आईबाबांना काय विचारायचं ते कळत नव्हतं आणि मला काय सांगायचं ते. त्यामुळे सगळ्यांनी पालवकाकांनाच विचारायला सुरुवात केली.

माझी बॅग त्यांनीच भरली. आईने लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळली होती, ती त्यांनी सोडून पुन्हा कागदात गुंडाळली. "यल्ला वहिनी, सरका. टॉवेल भरवशाचा नाही." सगळं झाल्यावर त्यांनी दाराबाहेर ठेवलेलं एक खोकं आत आणलं. चारी कडांना टेप, वर मोठ्या अक्षरांत 'आधी उघडा'.

"हे काय?" मी विचारलं.

"पहिलं खोकं. प्रत्येक घराचं असतं. नव्या घरात पोचल्यावर माणूस दमलेला असतो, त्याला शोधाशोध करायला लावायची नाही. केटली, चादर, चहासाखर, सगळं एकात. हे कंटेनरमध्ये सगळ्यात शेवटी भरायचं, म्हणजे पहिल्यांदा निघतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथे उघडू नको बाय. तिकडे उघड."

बाबा काहीतरी बोलणार होते, पण आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मी कॉलेजच्या हॉस्टेलवर पोचले तेव्हा दुपार होती. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि मी. मी खोकं उघडलं. वर चादर, मग मेणबत्त्या आणि चहासाखर. त्याखाली केटली, तीही अमेरिकन. साहेब लोक आपल्या केटल्या दुबईला आणायचे, तिथल्या विजेवर त्या चालायच्या नाहीत, मग कामगारांना देऊन टाकायचे. काकांनी त्यातली एक परत मायदेशी पाठवली होती. आणि तळाशी, एकेका कागदात गुंडाळलेले दोन कप, बशांसकट. पांढरे, हिरव्या काठाचे.

मी ते टेबलावर मांडून बघत राहिले. एकटीच येणार होते मी. आणि काका मोजमापात कधी चुकत नसत.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या खोलीतली मुलगी होती, जेना नावाची. न कळवता, अशीच, बिस्किटं घेऊन आलेली. मी गडबडून चहा केला. तिने बशीकडे बघून विचारलं, हिचं काय करायचं असतं? मी ओतून दाखवलं. जाताना ती हळूच म्हणाली की हॉस्टेलमध्ये मेणबत्त्या ठेवायला बंदी आहे. बिचारी घाबरत घाबरत म्हणाली. तुमच्याकडे लाइट फार जाते असं आम्हाला कळलं होतं, हे मी कसं सांगणार?

पुढे तिच्या घरी गेले तेव्हा कळलं, मेणबत्त्या नुसत्या शोभेच्या. तंबू हौसेचा. ट्रेडमिलवर मात्र सहा शर्ट टांगलेले होते.

पोचल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मी फोनचं कार्ड घेऊन घरी फोन लावला. आईला कपांचं सांगितलं.

"हिरव्या काठाचे?" आईने विचारलं. "अगं, ते खोकं काकूंसाठी बांधलेलं होतं. त्या आल्याबरोबर चहा करायचा म्हणून. कॉटखाली किती वर्षं होतं कोण जाणे. तुझ्या जाण्याच्या आधी कंपनीने पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा म्हणाले, पडून राहण्यापेक्षा पोरीला होऊ दे. केटली तेवढी बदलली आणि मेणबत्त्या घातल्या."

तोवर काकांनी फोन घेतला होता.

"काय बाय, लाइट जाते का?"

"अजून नाही गेली, काका."

"जाईल. कप फुटले नाहीत ना?"

"नाही."

"दोन्ही?"

"दोन्ही. दुसऱ्यात समोरच्या मुलीने चहा घेतला. आपणहून आली होती."

"म्हणजे येतात," काका म्हणाले. "हे खोक्यात कळलं नव्हतं."

"काका, मी सुट्टीत येताना कप परत आणते. काकूंना लागतील ना."

मला वाटलं ते नको म्हणतील. निदान विषय तरी बदलतील.

"टॉवेलात बांधू नको," ते म्हणाले. "कागदात गुंडाळ, एकेक वेगळा. आणि शेवटी भर, बाय. म्हणजे पहिल्यांदा निघतील."