पायांनी काढायचा फोटो

"रस्त्यावरचा फोटो डोळ्यांनी नाही, पायांनी काढायचा असतो!" हिंजवडीच्या ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये मी यावर चाळीस मिनिटं बोललो. चालत राहायचं, विचार करत राहायचं, फोटो आपोआप सुचतो! फोटो क्लबच्या खुल्या स्पर्धेत पहिलं बक्षीस माझंच, हेही सांगून टाकलं.

"नाही मिळालं तर?" समोर डबा खात बसलेल्या सहकारी शुभंकरनं विचारलं.

"तर हा कॅमेरा तुझा!"

नवाकोरा डिजिटल कॅमेरा! घरी त्याची खरी किंमत अजून कुणाला ठाऊक नव्हती.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी सकाळी मंडईत उतरलो. इस्त्रीचा शर्ट, हातात डायरी, गळ्यात सवयीनं अडकवलेलं कंपनीचं ओळखपत्र. दोन पावलं चालायचो, थांबायचो, फूटपाथकडे रोखून बघत विचार करायचो, डायरीत टिपायचो. कुठूनतरी शिट्टी वाजली. लिंबूवाल्यानं फडक्याची चारी टोकं गोळा केली आणि पसार! कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत कोथिंबीरही गायब! लोक फारच लाजाळू बुवा, असं म्हणत मी पुढे निघालो. मी पुढे, तसा फूटपाथ रिकामा!

बुधवार पेठेत बद्रीनाथ नावाचे एक दुकानदार गल्ल्यावरून म्हणाले, "आपण रोज येत जा. तीन वर्षांनी दुकानाबाहेरचा फूटपाथ दिसला."

"म्हणजे?"

"अतिक्रमणवाले ना आपण?"

मी गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबलं. धावत मंडईत परतलो. अख्ख्या रांगेत एकच भाजीवाली उरली होती, सोजरबाई.

"सायेब, गुडघं धरल्यात. न्यायचं तर टोपलीसकट उचला मला!"

"अहो मावशी, मी कॉर्पोरेशनचा नाही! हे बघा माझे फोटो!" मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी एकेक करून चाळीस रिकामे फूटपाथ पाहिले. "मग कार्पोरेशनचाच की रं तू!"

यावर काय बोलावं, याचा विचार करत मी एक पाऊल मागे गेलो. विचार खोल होता, टोमॅटोचं क्रेटही! पाय आत, डायरी हवेत!

"ह्ये दाबायचं व्हय?" सोजरबाईंनी बटण दाबलं.

फोटो बघून मला रडू यायचं बाकी राहिलं. इतका जिवंत फोटो मी जन्मात काढला नव्हता! माझ्या नावावर द्यावा, तर फोटोत मीच! शेवटी चाळीस फूटपाथ माझ्या नावानं दिले, आणि तो एक सोजरबाईंच्या.

पहिलं बक्षीस कुणाला, हे सांगायला नकोच. स्टेजवर त्यांचा फोटो शुभंकरनं काढला. त्याच्या नव्या कॅमेऱ्यानं!

परीक्षकांनी विचारलं, "मावशी, असा फोटो सुचतो कसा?"

सोजरबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मी तर बसलेली व्हते. चालायचं अन् इचार करायचं काम ह्यांनी केलं!"