गंधे डॉक्टरांचा नारू

गंधे डॉक्टरांकडे कशासाठीही जा, पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी कुठलं पिता?" सायकलवरून पडून माझा खांदा निखळला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी कळवळत म्हणालो, "डॉक्टर, खांदा." ते म्हणाले, "खांदा मला दिसतोय, मास्तर. पाणी दिसत नाही, म्हणून विचारतो." मी उत्तर जुळवतोय तोवर त्यांनी खांदा बसवलासुद्धा.

ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. कोल्हारला मी शिक्षक होतो आणि शाळेला लागूनच त्यांचा दवाखाना. खिडकीत बरण्या मांडलेल्या आणि बरण्यांत हातभर लांब, दोऱ्यासारखे पांढरे नारू. वरच्या कोरडवाहू गावांत तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या पायातून हा किडा बाहेर पडायचाच. डॉक्टर तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत. रोगी आपल्या पायांनी घरी निघाला की त्यांचा चेहरा खुलायचा. पण लगेच म्हणायचे, "हा एक निघाला. पाण्यात पुढचे तयार आहेत."

त्यांचा राग पायऱ्यांच्या बारवांवर, म्हणजे आत उतरून पाणी भरायच्या विहिरींवर. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालून उभा राहतो, नारूची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांत शिरतात आणि घागरीतून सगळ्यांच्या पोटात जातात. "हे पुस्तकात आहे," ते म्हणत. "पण पायऱ्या बुजवल्या तर आपल्या गावांत नारू थांबतो का, हे मला करून बघायचंय."

आरोग्य खात्याच्या वरच्या कचेरीकडे त्यांनी सूक्ष्मदर्शक मागितला. संशोधन हे खेड्यातल्या दवाखान्याचं काम नव्हे, असं उत्तर आलं. मग नारूवर निबंध लिहिला, मी तो चांगल्या अक्षरात उतरवून दिला. संस्थेचं नाव नाही म्हणून एका मासिकानं तो परत केला. डॉक्टरांनी 'संस्था: मी स्वतः' असं लिहून पुन्हा धाडला. तेव्हाही परत आला.

मग एका मित्रानं त्यांना पुण्याच्या प्रयोगशाळेत जागा देऊ केली. डॉक्टर आठ दिवस बघून आले.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"तिथं यंत्रं उत्तम आहेत, नारू नाही. इथं नारू आहे, यंत्र नाही." मग म्हणाले, "तिथं माझं नाव छापून आलं असतं, मास्तर. एसटीत त्याचं वाईट वाटत होतं. पण उतरलो तर दवाखान्यापुढे तिघं पायाला फडकी बांधून बसलेले. कामाला लागलो आणि विसरलो."

दुसऱ्या दिवशी ते भिंगारला गेले आणि ओळखीच्या घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आले. ते घेऊन आम्ही डोंगराकडच्या एका वाडीत गेलो. तिथं सोनाबाई नावाच्या म्हातारीचा शब्द चालायचा.

"पायऱ्या बुजवायच्या?" ती म्हणाली. "माज्या सासऱ्यानं बांधल्यात त्या. पाय धुतल्याबिगर देवाला कसं जायाचं?"

डॉक्टरांनी बारवेतलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, उन्हात धरलं आणि भिंग तिच्या डोळ्याला लावलं. सोनाबाई बराच वेळ बघत राहिली.

"हे वळवळतंय ते आमी पितो व्हय?"

"रोज."

"आन मगाशी माज्या घरी तुमी प्यालात ते?"

"तेच. तुम्ही तांब्या पुढे केलात, नको म्हणवेना."

सोनाबाई तोंडाला पदर लावून हसली. "बुजवा मग," म्हणाली.

गावकऱ्यांनी पायऱ्यांवर भिंत घातली आणि वर रहाट बसवला. आधीच पोटात गेलेला नारू बाहेर यायला वर्ष लागतं, म्हणून डॉक्टर वर्षभर थांबले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी घरोघर जाऊन प्रत्येकाचे पाय पाहिले. एकाही पायात नारू नव्हता. त्यांनी निबंध पुन्हा लिहायला घेतला. "छापोत न छापोत," म्हणाले, "वाडी चालतेय."

आता वाडीत त्यांचं काही काम उरलं नव्हतं. तरी ते दर गुरुवारी जायचे. एकदा मीही सोबत गेलो. सोनाबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं पिठलं-भाकरी आमच्यापुढं ठेवली.

"डागदर, वाडीत समदी बरी हायेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग आज काय काम काढलं?"

डॉक्टरांनी भाकरी मोडली आणि खाली बघतच म्हणाले, "घरी एकट्यानं जेवण जात नाही, आजी."

सोनाबाईनं परातीतलं पीठ पुढं ओढलं आणि आणखी एक भाकरी थापायला घेतली.