कार्यालयीन वेळेबाहेरचे वादळ

१९९३च्या एप्रिलमध्ये गुड फ्रायडे, दुसरा शनिवार आणि रविवार अशा तीन सुट्ट्या लागून आल्या. बीड जिल्ह्यातील एका तहसील कार्यालयाच्या नव्या फॅक्सवर गुरुवारी हवामानाचा अंदाज आला: ‘सुट्टीच्या काळात कोरडे. नंतर वादळाची शक्यता.’ कार्यालयाने अंदाजास मंजुरी दिली, पर्जन्यमापक चोरीस जाऊ नये म्हणून कपाटात ठेवला आणि सर्वजण गावी गेले.

वादळ शनिवारीच आले. समोरच्या केशरबाईच्या घरावरचे पत्रे उडून थेट तहसीलच्या आवारात पडले. घरात सून बाळंतीण होती.

सोमवारी केशरबाई अव्वल कारकून उत्तरेश्वररावांपुढे उभी राहिली.

“सायेब, माजे पत्रे नेऊ द्या. पुन्हा आभाळ आलंय, लेकरू उघड्यावर हाय.”

“पत्रे इथं आले कावून?”

“शनवारच्या वादळानं.”

उत्तरेश्वररावांनी फॅक्स पुन्हा वाचला. “शनिवारी कोरडं होतं, बाई. वादळ नंतर आहे.”

“आवो, तुमच्या दारातला लिंब आडवा झालाय!”

“लिंबाची तक्रार आलेली न्हाई.”

तरीही कार्यालयाने निःपक्षपाती चौकशी केली. कपाटातला पर्जन्यमापक तपासला; तो कोरडाच निघाला. वादळ झाले नव्हते, हे सिद्ध झाले. मग एवढे पत्रे सरकारी आवारात कुणी टाकले? केशरबाईवर अतिक्रमणाची नोटीस निघाली.

“वादळ पाहिलेला एक साक्षीदार आणा, नोटीस रद्द करतो,” उत्तरेश्वरराव कनवाळूपणे म्हणाले.

केशरबाई शेजारच्या सटवाकडे गेली. शनिवारी तो तिच्याच ओसरीत डोक्यावर पाट धरून बसला होता.

“मावशी, तुमचं लई खरं हाय,” सटवा म्हणाला, “पण माजं रेशनकार्ड तिथं अडकलंय. ते मिळंपर्यंत मला वादळ दिसलेलं न्हाई.”

गल्लीत इतर कुणालाही दिसले नव्हते. नोटिशीच्या धाकाने केशरबाईने पत्रे आपले नाहीत, अशा जबाबावर अंगठा दिला. नोटीस तत्काळ रद्द झाली. पत्रे बेवारस ठरले, आणि अपेक्षित वादळापूर्वी शासकीय मालमत्तेची विल्हेवाट लावणे आवश्यक असल्याने मंगळवारीच लिलाव ठेवला.

लिलावाला अख्खी गल्ली लोटली. सटवा सर्वांत पुढे होता. केशरबाईची बोली दुसऱ्याच फेरीत मागे पडली. वाचकहो, आपणही आला होतात. पत्रे कुणाचे, हे आपल्याला ठाऊक होते, म्हणून त्याबद्दल काही न विचारता आपण एवढेच विचारलेत, “गंजलेले तर न्हाईत ना?”