उबवणी केंद्रातील दोन तारांची मोहीम

उबवणी केंद्राच्या धनीण श्रीमंत डॉक्टरीणबाईसाहेब यांचे हुकुमावरून सेवक वीजतंत्री याने ही हकीकत लिहिली ऐसीजे. हुकूम झाला की, अर्ध्या दिवसाचे काम तीन दिवस का चालले, याचा खुलासा लेखी द्यावा. सबब लाज बाजूस ठेवून लिहितो.

यंत्रे सहा, त्यांचे पोटी अंडी बारा हजार. त्यांचे उष्णमान मागील दालनातून कचेरीतील संगणकास तारेने कळावे, ऐसी मसलत ठरली. तारेवरून वार्ता नेणारे सरदार दोन. एक आरएस दोनशे बत्तीस, जुना, खानदानी. दुसरा आरएस चारशे पंच्याऐंशी, पीळ दिलेल्या दोन तारांवरून दूर जाणारा आणि एकटा अनेक यंत्रांस सांभाळणारा. सेवकाने शेखी मिरवून जुन्यास मोहीम दिली, कारण टेबलावर हातभर तारेने तो झकास चालला होता. मग एका यंत्रापासून तीनशे फूट तार ओढिली, आणि संगणकावर आकड्यांऐवजी प्रश्नचिन्हांची फौज उतरली. हा गडी पन्नास फुटांपलीकडचा नव्हे, हे माहितीपुस्तकाचे पहिलेच पानी होते. सेवकाने पुस्तक उघडिले नव्हते.

दुसरे दिवशी सहाही यंत्रे एकाच तारजोडीस जोडून चारशे पंच्याऐंशीस पाचारण केले, आणि तो तर मुकाच! सेवकाने तारेची बोली संगणकास समजावणारी दुभाषी पेटी बदलिली, तार बदलिली, मग बाईसाहेबांस कळविले की हवेत विजेचा उपद्रव भारी आहे. तोवर अंडी सांभाळणाऱ्या मावशी दर अर्ध्या तासाने आकडे पाहून कचेरीत जातीने सांगत होत्या.

तिसरे दिवशी दुपारी मावशी कचेरीत सेवकाच्या शिडीपाशी थांबल्या.

"अहो साहेब, त्या दोन तारा उलट्या लावून बघितल्या का?"

सेवकाने फर्माविले की, पेटीवर व यंत्रांवर ए, बी ऐसी अक्षरे छापिली आहेत; ए जागी ए आणि बी जागी बी, यात फेर होणे नाही.

"पेटीवाल्याचा ए आणि यंत्रवाल्याचा ए एकच कशावरून? लावून बघायला काय जातंय?"

केवळ मावशींचे समाधानार्थ तारा उलटविल्या, आणि तत्क्षणी संगणकावर सहाही यंत्रे बोलू लागली. पाच म्हणाली, साडेसदतीस. चौथे म्हणाले, एकोणचाळीस.

"अगं बाई! चार नंबर तापलंय!"

मावशी धावल्या, आणि सेवक शिडीवरून पडतापडता मागे धावला. यंत्राचा पंखा अडकला होता. मावशींनी झडप उघडिली, सेवकाने पंखा मोकळा केला, आणि पारा हळूहळू उतरला. त्या यंत्रातील अंड्यांतून पुढे अठराशे पिल्ले चिवचिवत बाहेर आली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दफ्तरी नोंद करावी ती ऐशी: चारशे पंच्याऐंशी दूरचे कामी थोर, दोनशे बत्तीस टेबलापुरता शूर, आणि मोहीम मावशींची. सेवक समयी शिडीवर हजर होता.