परीक्षेतला आपला माणूस

"पाठांतर तुम्ही करा, माझं शरीरच उत्तरं देईल," असं मी मालिशच्या क्लासात छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. वीस वर्षं आयोवाभर ट्रक हाकून कंबर गेली, म्हणून बावन्नाव्या वर्षी मी या लायसनच्या मागे लागलो. कुठला स्नायू कुठला सांधा हलवतो, हे ती ती हालचाल करूनच शिकलो. माझी बायको मार्लिस म्हणायची, "वेंडेल, सूप ढवळताना तरी सरळ उभा राहा."

परीक्षा कॉम्प्युटरवर होती. डावीकडे एक गोलमटोल तरुण घरं विकायच्या लायसनची परीक्षा देत होता.

तळहात वर कोण वळवतो? मी वळवून पाहिला. बायसेप्स! मग खांदे उडवले, टाच उचलली. पुढचा प्रश्न मानेचा. उजवा स्नायू आखडला की तोंड कुठे वळतं? डावीकडे वळलं, तर तो तरुण माझ्याकडे टक लावून बसलेला. मांडीच्या लांब स्नायूसाठी पाय गुडघ्यावर टाकायला गेलो, तो बूट त्याच्या खुर्चीला लागला.

पर्यवेक्षक लॉर्नाबाईंनी मला बाहेर काढलं.

"खाणाखुणा करताय?"

"नाही हो, स्नायू करतोय."

"कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. परीक्षा रद्द करू?"

तिकडे मार्लिसने गॅरेजात मालिशचं टेबल मांडून शेजारणींना वेळासुद्धा देऊन टाकल्या होत्या.

"बाई, एक हात कडेने वर उचला, स्नायू मी सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी उचलला. तो खांद्यापाशीच अडकला आणि त्या कळवळल्या.

"उचलतो तो डेल्टॉइड. पण अडलाय खांद्याचा सांधा. कधीपासून?"

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणापासून," त्या नरमल्या. "डॉक्टरही हेच म्हणाला. जा आत. पण माउसचा हात सोडून काही हललं, तर याद राखा."

उरलेला पेपर मी बुटातल्या बुटात बोटं हलवून सोडवला. काठावर पास झालो.

बाहेर माझ्या गाडीला टेकून तो तरुण उभा होता.

"काका, तळहात वर म्हणजे ए ना?"

"कसला ए?"

"आणि खांदे उडवले म्हणजे बी? मी सगळं तसंच दाबलं."

"मग?"

"नापास." तो माझ्याकडे बघतच राहिला. "मामा म्हणाला होता, आत आपला माणूस बसवलाय. तो तुम्ही नव्हता?"

"मी मालिशवाला आहे रे."

"मग मामाचा माणूस कुठे होता?"

"तुझ्या पलीकडे एक टकलू बसला होता," मी म्हणालो. "सारखा खोकत होता बिचारा."