पैकूजींच्या दंडावरची छत्री

माणसं दंडावर मारुती गोंदून घेतात, विंचू गोंदून घेतात, अगदीच रंगेल असली तर कुणाचं तरी नाव गोंदून घेतात. छत्री गोंदून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या आंधळगावचे पैकूजी. बरं, एकदा गोंदून थांबावं की नाही? ती छत्री अंगाला मानवेल तर शपथ! दंड टरारून सुजायचा, पू धरायचा, खपली पडायची आणि खपलीबरोबर छत्रीही जायची. की पैकूजी पुन्हा गोंदायला तयार.

आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हाची गोष्ट. मी मोहाडीला बाजाराच्या तोंडाशी एका डॉक्टरांकडे कंपाऊंडर होतो. पैकूजी आंधळगावात माझ्या घराला लागून राहायचे आणि कोशाचं रेशमी कापड विणायचे. बायको भागीरथी वारलेली, लेकरूबाळ नाही. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि घराबाहेर पडले की बारा महिने छत्री उघडायचे. ती धरायची रीतही न्यारी. हात पुरता वर करून, झेंडा धरावा तशी. त्यामुळे ऊन पैकूजींच्या टकलावर आणि सावली शेजारून जाणाऱ्याला. छत्रीच्या काळ्या कापडावर एक लालभडक ठिगळ. लोक खो खो हसायचे, पैकूजी ढिम्म.

पहिली छत्री मोहाडीच्या बाजारातल्या गोंदणारीने काढली. ती बिचारी म्हणत होती, "बाबाजी, तुळस काढतो, राम काढतो. छत्री कोनी गोंदते का?" पैकूजी हटले नाहीत. पुढच्या बाजारापर्यंत दंडाचा भोपळा झाला आणि मी त्यांना दवाखान्यात आणलं.

डॉक्टर मूळचे तापट. "हे काय आहे?"

"छत्री जी."

"मला तर गळू दिसतंय!"

"आतमंदी छत्री हाये जी. आपलं कातडं जरा रागीट हाये."

हे पैकूजींचं पालुपदच होऊन बसलं. स्वतःच्या कातड्याबद्दल ते असे बोलायचे, जसं काही घरी मुक्कामाला आलेला रुसका व्याही. "हळद लावून समजावलं त्याले. कडूनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली. आयकतच नाही. मानपान पाह्यजे लेकाले!"

मी लाल औषधाच्या पाण्याने जखम धुवायचो, पू काढायचो, वरून जांभळं औषध लावायचो. ते जांभळं औषध त्यांच्या फार मनात भरलं. "भाऊ, हा रंग तं मस्त धरते! याच्यानंच छत्री काढून द्या ना." मीही एकदा गंमत म्हणून काढून दिली. आंघोळ करताना ती पुसली, तर पैकूजी सुतकी चेहरा करून माझ्या ओट्यावर येऊन बसले.

दुसरी छत्री कारध्याला नदीकाठी जत्रा भरली होती तिथली, बॅटरीच्या मशीनने काढलेली. "मशीनवर नाही रागवत कातडं, मशीनले भेते," असा पैकूजींचा सिद्धांत होता. कातडं मशीनलाही भ्यालं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं टोचली आणि भरपूर शिव्या दिल्या. पैकूजींनी दोन्ही निमूट घेतलं.

तिसऱ्या खेपेला मात्र हसू पळालं. गोंदणारीचा हात वाईट आणि मशीनही वाईट, तेव्हा आपणच गोंदावं असं ठरवून या गृहस्थाने दिव्याची काजळी आणि बाभळीचा काटा घेऊन स्वतःच दंड कोरला. खोल कोरला. तापाने फणफणलेले पैकूजी मी बैलगाडीत घालून आणले. हात कोपरापर्यंत सुजलेला, बंडीची बाही कात्रीने कापावी लागली.

डॉक्टर ओरडले, "पैकूजी, आता पुन्हा गोंदलं तर हात कापावा लागेल! समजलं?"

पैकूजींनी डोळे किलकिले केले. "हाच ना जी? दुसरा तं राह्यते?"

मला धडकी भरली. विणकराचा हात गेला म्हणजे माग गेला, आणि माग गेल्यावर त्या घरात उरणार काय? रोज सकाळ-संध्याकाळ मी पट्टी बदलली. हात वाचला. काजळी पुवाबरोबर वाहून गेली, पण कोरलं होतं तिथे कातडं उंच फुगून आलं. टणक, गुलाबी वळ. वर कमान, खाली दांडी, टोकाला आकडा. थेट छत्री!

डॉक्टर वळ चाचपत म्हणाले, "नागपूरला जा. सुया देऊन ही गाठ बसवतील."

पैकूजींनी हात झटक्यात मागे घेतला. "नोको जी. राहू द्या."

"अहो पण कशासाठी? छत्रीच कशासाठी?"

पैकूजी जरा लाजले. "आमच्या भागीरथीले चेहरे ध्यानात राहत नोहते जी. सख्ख्या भावाले तिनं बांगड्यावाला समजून हात पुढं केलता. बाजारात मले हुडकता हुडकता एकडाव दुसऱ्याच मानसामांगं अर्ध्या रस्त्यापावेतो गेली. मंग मी छत्रीले लाल ठिगळ लावलं. छत्री वर केली का गर्दीतून सरळ येत जाये."

पैकूजींनी बोट आभाळाकडे केलं.

"आता वरतं गर्दी किती असंन, सांगा. नाव गोंदलं असतं, पन तिले वाचता येत नाही. छत्री सरणावर ठेवली तरी तारा इथंच राह्यतात. गोंदन तेवढं मानसाच्या संग जाते, असं माय सांगे."

डॉक्टरांचा आवाज मी प्रथमच इतका खाली आलेला ऐकला. "पण पैकूजी, रंग तर काहीच उरला नाही."

"नाही उरला." पैकूजींनी दंडावरून बोट फिरवलं. "पन हात लावला का समजते. तिनं हात धरला म्हंजे झालं."

डॉक्टरांनी पुन्हा नागपूरचं नाव काढलं नाही. बाजाराचा दिवस होता, समोर माणसांची झिम्मड उडाली होती. पैकूजी पायरी उतरले, छत्री उघडली आणि त्या दुखऱ्या हाताने जमेल तितकी उंच धरून क्षणभर तिथेच उभे राहिले. त्या गर्दीतून कुणी सरळ इकडे येतंय का, हे मीही पाहू लागलो.